भट्टीवरच्या खुर्चीला वारस नाही

मी, मारेखी वाझा चुबिनिद्झे, वय एकतीस, अविवाहित, मँगनीजच्या भट्टीवरील क्रेनची चालक, राहणार क्विरिला नदीकाठ, इमेरेती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी पूर्ण शुद्धीवर आहे. लिहिताना अधूनमधून मोठ्याने हसेन. तो आजार आहे, मजकुरावरचे मत नव्हे. अक्षर ओळीगणिक बारीक होत जाईल. वारसांनी भिंग आपापले आणावे.

घाईचे कारण असे, की सोमवारी माझी धाकटी बहीण ईया माझ्या जागेवर रुजू व्हायची आहे. आमच्या कारखान्यात जागा घरातच राहते. त्यासाठी माझी संमती लागते, आणि मी वेडी ठरले तर घरातल्या वडीलधाऱ्याची, म्हणजे बोंदोकाकांची. मी संमती दिलेली नाही, देणारही नाही.

कलम १. बाबांचे नाचाचे मऊ बूट कोणालाही देऊ नयेत, माझ्याबरोबर पुरावेत. बाबा तरुणपणी गावच्या पथकात चवड्यांवर नाचत. भट्टीवर वीस वर्षे काढल्यावर ते पुन्हा चवड्यांवर चालू लागले, तेव्हा गल्लीने टाळ्या वाजवल्या. "अरे, वाझा परत नाचायला लागला!" आम्ही कौतुकाने हे बूट त्यांच्या वाढदिवसाला दिले. दोन वर्षे त्यांना कोणी डॉक्टरकडे नेले नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पहिली होते, हे नोंदवणे भाग आहे.

कलम २. कोंबड्या शेजारीण नुनू हिला. आधी सहा लिहिल्या होत्या. आज सकाळी मोजल्या, पाच भरल्या. सहावीबद्दल नुनूलाच विचारावे. माझी चाल बिघडली तेव्हा ती अंगणातून ओरडली होती, "काय गं, उंच टाचा घेतल्यास वाटतं? कोणासाठी?" तिला क्षमा.

कलम ३. कारखान्याच्या डॉक्टरांना काहीही नाही. ते म्हणाले, "दारू कमी कर."

"मी पीतच नाही."

"मग थोडी घेत जा."

तिब्लिसीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उलटं चालून दाखव बरं." मी उलटी निघाले ती थेट त्यांच्या मांडीत जाऊन बसले. त्यांनीच सांगितले, की भट्टीचा धूर वर क्रेनच्या केबिनमध्ये साचतो आणि त्यातले मँगनीज मेंदूत जाते; बाबांची चाल, माझी चाल, हसू, बारीक अक्षर, सगळे त्याचेच. माझा मेंदू त्यांना द्यावा. बोंदोकाकांच्या मते तो मी आधीच कुठेतरी ठेवून आले आहे, सापडल्यास द्यावा.

कलम ४. घर आणि शिवणयंत्र ईयाला. सुईत दोरा ओवणे मला गेल्या वर्षापासून जमत नाही, तिला जमते. ती माझ्यावर चिडली आहे. "ताई, तू वर बसून कमावलंस, माझी शाळा केलीस, आणि मी बसते म्हटलं की लगेच धूर?"

"हो."

"मग खायचं काय?"

शिवणयंत्रावर भागेल असे भासवणे खोटेपणाचे होईल. तरी क्रेनची खुर्ची तिला नाही, कोणालाही नाही.

कलम ५. अंगणात पुरलेला द्राक्षाच्या दारूचा मोठा रांजण, ज्यावर बोंदोकाकांचा वीस वर्षे डोळा आहे, तो त्यांना. अट एकच: ईयाच्या नोकरीच्या संमतीच्या कागदावर त्यांनी सही करू नये. आजीच्या मर्तिकाच्या जेवणात काका पेला उंचावून बोलत होते आणि मी हसत सुटले, तेव्हापासून ते मला वेडी म्हणतात. त्या वेळी मला रडू येत होते, हे येथे लिहून ठेवते. काल हे कलम त्यांना वाचून दाखवले.

"पोरी, मला लाच देतेस?"

"हो काका. लेखी."

ते रांजणाभोवती दोन फेऱ्या मारून निघून गेले. आज साक्षीला आले आहेत. त्यांनी काय ठरवले, मला ठाऊक नाही.

ठिकाण: राहते घर. दिनांक १४ ऑक्टोबर २०११, शुक्रवार.

सही: मारेखी चुबिनिद्झे (आहे तेवढीच, याहून मोठी येत नाही)

साक्षीदार १: त्सियाला गाबुनिया, शिक्षिका. मारेखी माझ्यासमोर लिहिताना चार वेळा हसली. एकदा मीही हसले. शुद्धीबद्दल शंका नाही.

साक्षीदार २: बोंदो चुबिनिद्झे. शिक्षिकाबाई म्हणतात, ज्याला काही मिळायचंय त्याची साक्ष चालत नाही. मग रांजण राहू दे ईयाला. माझी सही इथे केली. तिकडे करणार नाही.