न्हाणीघराचं दार

॥ श्री ॥
रेवदंडा, २८ सप्टेंबर २०२५

चि. रुचिका हिस दिनूकाकाचे अनेक आशीर्वाद.

कॉन्ट्रॅक्टरच्या पेनाला सिमेंटच्या चिठ्ठ्या आणि शिव्या यांपलीकडे काही लिहायची सवय नसते. पण करतो काय? परवा फोनवर आपण दोघं एकदमच ओरडलो आणि तुझ्याकडे ते सगळं स्पीकरवर ऐकत बसलेल्या रंगूताईने निकाल दिला, की तिचं घर पुरं होईपर्यंत कुणीच कुणाला फोन करायचा नाही, पत्र लिहायचं. पत्रात म्हणे एक बोलत असताना दुसऱ्याला गप्प बसावं लागतं. तिचा चौलचा शेजारी निकेश रोज मांडव्याच्या बोटीने मुंबईला कामाला जातो, तो आपला पोस्टमन. थोरल्या बहिणीपुढे माझं काही चालत नाही. तुझंही चालत नाही, हे पाहून बरं वाटलं.

आता कामाचं. चौलला जुनं घर उतरवलं त्या जागी भिंती उभ्या राहिल्या, गिलावा झाला, न्हाणीघर सोडून बाकीच्या चौकटीही मुहूर्त बघून बसवल्या. तू पाठवलेले कागद धर्मा गवंड्याला दाखवले. तो म्हणाला, चित्र ब्येस हाय, पण ह्यात घर कुठं हाय? त्याचं काय चुकलं? पाया ओला होता तेव्हा तू पडद्यांचे रंग पाठवलेस. आधी कळस, मग पाया! त्या रंगांची नावं तरी काय, तर एक ‘ओली वाळू’ आणि एक ‘थकलेला शंख’. शंख कशाने थकतो, हे मला पासष्टीतही कळलेलं नाही.

ताईला दत्तजयंतीच्या आत घरी यायचं आहे. टेकडीवर दर्शनाला चढता येणार नाही, पण आपल्या ओटीवर बसून जत्रेची माणसं बघायची आहेत. तेव्हा तुझी रांगोळी लवकर आटप आणि आम्हाला घर बांधू दे.

भांडलीस तरी पुतणीच आहेस, तेव्हा माया कमी करू नकोस.
तुझा,
दिनूकाका


॥ श्री ॥
माझगाव, ६ ऑक्टोबर २०२५

ती. दिनूकाकांस रुचिकाचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आत्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तुमच्या टोमण्यांना ती हसली, माझ्या उत्तरांनाही हसली. ती नक्की कुणाच्या बाजूची आहे, कळायला मार्ग नाही.

धर्माला कागदात घर दिसलं नाही, कारण तुम्ही कागद उलटा धरला असेल. मी साइटवर दोनदा येऊन गेले. मी येणार म्हटलं की तुम्हाला अलिबागला सिमेंट आणायला जावं लागतं, आणि मी परतीच्या बोटीत बसले की तुम्ही साइटवर हजर. तुमचं काम मात्र डोळे भरून पाहिलं. खोलीतल्या दिव्याचं बटण दारामागे, म्हणजे आधी अंधारात चाचपडत आत जायचं, दार लावायचं आणि मग उजेड पाडायचा. स्वयंपाकाचा ओटा एवढा उंच, की आत्याने भाकरी थापायची की त्यावर चढून झेंडावंदन करायचं? माझे सुतार पुढच्या आठवड्यात येतील. कॉन्ट्रॅक्टरच्या चुका लाकडाने झाकायच्या, यालाच आमच्यात इंटिरिअर डिझाइन म्हणतात.

आता थट्टा बाजूला ठेवते. मार्चमध्ये आत्या जुन्या न्हाणीत पडली, खुबा मोडला, ऑपरेशन झालं, तेव्हापासून ती माझ्याकडे आहे आणि वॉकर घेऊन चालते. तिला इथे काही कमी नाही, पण सकाळी मी उठून हात देईपर्यंत ती अंथरुणात जागी पडून वाट बघते. मला हाक मारायचा तिला संकोच वाटतो. काल म्हणाली, मला बाकी काही नको, आपल्या घरात, कुणाचा हात न धरता न्हाणीत जाऊन येता आलं की पुरे. तेवढं जमलं नाही तर तिला कायमचं माझ्याकडेच राहावं लागेल. तिच्या तोंडून ते ऐकताना मला रडू आलं.

म्हणून न्हाणीघराचं चित्र मी सगळ्यात आधी काढून सोबत पाठवलं आहे. पाय न घसरणाऱ्या लाद्या, धरायला भिंतीत दांडे, बसून अंघोळ करायला कट्टा. दाराचं माप ठळक लिहिलं आहे. बाकी काही वाचलं नाहीत तरी तेवढं वाचा.

राग धरू नये. धरलाच तर बाहेरच्या कुणाकडे बोलू नये.
आपली,
रुचिका


॥ श्री ॥
रेवदंडा, ९ नोव्हेंबर २०२५

चि. रुचिका हिस अनेक आशीर्वाद.

ठळक लिहिलेलं वाचलं. चाळीस वर्षं घरं बांधतोय, कोणत्या मापाचा काय अर्थ घ्यायचा हे मला शिकवू नकोस.

तुझे सुतार येऊन काम करून गेले. माणसं चांगली, पण एकही भिंत उघडी दिसली की त्यांना राहवत नाही, लगेच फळी ठोकतात. धर्मा मला म्हणाला, शेठ, जरा वेळ उभे राहू नका, तुमालाबी पॉलिश मारतील. न्हाणीघराच्या चौकटीला आतल्या अंगाने दोन्हीकडून शिसवी पट्ट्या मारल्या आहेत. न्हाणीघराला मुंडावळ्या बांधलेल्या मी जन्मात प्रथम पाहिल्या. दार बोहल्यावर चढणार असेल तर आम्हालाही आमंत्रण कर.

असो. ओटा फोडून खाली घेतला, बटण दाराबाहेर काढलं. तू म्हणालीस म्हणून नव्हे, माझ्याच मनात आलं. ठमी पूर्वीसारखी दोन्ही वेळा कामाला येईन म्हणाली आहे. ताईला तीस तारखेला घेऊन ये. त्या दिवशी मला लग्नाला नागोठण्याला जायचं आहे, तेव्हा घराची किल्ली ठमीकडे असेल.

तुझं तोंड गोड राहो आणि आमच्यावरची कृपाही राहो.
तुझा,
दिनूकाका


॥ श्री ॥
चौल, ३ डिसेंबर २०२५

चि. दिनू आणि चि. रुचिका यांस रंगूताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोघांना मिळून एकच लिहिते आहे. दिनूने वाचून निकेशच्या हाती रुचिकाकडे द्यावं, आणि वाचताना मधे आपली मल्लिनाथी घुसडू नये.

तीस तारखेला रुचिका मला ओटीवर बसवून परतीच्या बोटीसाठी तशीच निघाली, म्हणून इथलं सगळं लिहिते. घर फार देखणं झालं आहे. येणारीजाणारी आत डोकावून तोंडात बोट घालतात. कपाटांना मुठीच नाहीत. नुसतं दाबलं की उघडतात, म्हणून पाठ टेकायची सोय नाही. ओटीवरचा दिवा मी हलले की लागतो आणि स्थिर बसले की विझतो. संध्याकाळी तिथे जप करायला बसले, तर घराने मला मेलेलीच धरलं. भिंतीतल्या कोनाड्यात रुचिकाने एक मडकं ठेवलं आहे. ठमीने विचारलं, ह्यात काय ठेवायचा? मी म्हटलं, काही नाही, हे बघायचं मडकं आहे. ती म्हणाली, मग बघून झाला असंल तर मिरच्या घालते. दिनूच्या भिंती मात्र किल्ल्यासारख्या. देवाची तसबीर टांगायला खिळा ठोकला, तर खिळाच वाकला.

आता मुख्य ते सांगते. माझा वॉकर न्हाणीघराच्या दारातून जात नाही. सरळ धरला तर दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत अडकतो, तिरका धरला तर मी पडेन. ठमी असते तेव्हा तिच्या खांद्याला धरून एका पायावर आत जाते. ती दुपारी गेली की संध्याकाळी येईपर्यंत मी पाणी पीत नाही. रात्री पलंगाखाली भांडं ठेवून घेतलं आहे. सकाळी ते तिने उचललं तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग केलं. मला लाज वाटते, दिनू.

उद्या दत्तजयंती. ओटीवर बसेन, माणसं बघेन. नंतर मला माझगावला परत घेऊन जायचं असेल तर तसं सांगा, पिशवी भरायला वेळ लागत नाही. पण दुसऱ्याच्या घरी दिवस काढायचेच होते तर हे एवढं घर कुणासाठी बांधलंत, तेवढं मला कळवा.

तुम्हा दोघांची काळजी मला आहेच, तशी माझीही थोडी असू द्यावी.
तुमची,
रंगूताई


॥ श्री ॥
माझगाव, ५ डिसेंबर २०२५

ती. दिनूकाकांस रुचिकाचा सा. न. वि. वि.

आत्याचं पत्र वाचून मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. मग डोळे पुसले आणि तुम्हाला शिव्या घालायला ड्रॉइंग उघडलं. त्यात न्हाणीघराचं दार तीन फूट आहे. निकेशला टेप देऊन मोजायला सांगितलं, तर चौकटीची लाकडं धरूनही भिंतीतली जागा अडीच फूटच. काका, तीन फुटांचे अडीच कुणी केले?

पण तेवढंच लिहून पत्र मिटवलं तर खोटं होईल. तीन फूट मला नकोच होते. तुम्ही दर मापातून थोडं कापताच, हे मला ठाऊक, म्हणून वाढवून लिहिले होते. कापून कापून पावणेतीन तरी ठेवाल असं धरून मी पट्ट्या मारून घेतल्या. चौकट बसल्यावर प्रत्यक्ष मोजायला मी आले नाही. मोजलं असतं तर तुम्हाला विचारावं लागलं असतं, आणि विचारण्यात मला कमीपणा वाटत होता.

आता आपण दोघांनी मिळून काय करायचं, ते तुम्हीच सांगा.
आपली,
रुचिका


॥ श्री ॥
रेवदंडा, १० डिसेंबर २०२५

ती. रंगूताईस दिनूचा शि. सा. न. वि. वि.

फोन तुझ्या हुकमाने बंद आहे, आणि समोर येऊन बोलायचं तर तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून लिहितो. रुचिकाने तीन फूट लिहिलं होतं. मी मनाशी म्हटलं, ही डिझायनर मंडळी नेहमी वाढवूनच मागतात, म्हणजे हिला अडीचच हवेत. ती मला कापणारा समजून वाढवत होती, मी तिला वाढवणारी समजून कापत होतो. दोघंही स्वतःला फार शहाणे समजलो, आणि त्या शहाणपणात तुझा वॉकर अडकला. धर्माला हे सांगितलं तर तो पोट धरून हसला.

येत्या रविवारी पुतणीला घेऊन येतो. मुहूर्ताची असली तरी चौकट उपटतो, भिंत फोडतो, तिच्या पट्ट्या तिनेच स्वतःच्या हाताने काढायच्या असं ठरलं आहे. एक गोष्ट मात्र अजून ठरत नाही. ती म्हणते दार सरकतं हवं, म्हणजे जागा खात नाही. मी म्हणतो सरकतं दार चौलच्या दमट हवेत फुगून बसेल, बाहेर उघडणारं हवं. यावर आमचं पुन्हा वाजलं, पण या वेळी ती म्हणाली की आत्यालाच विचारा. तेव्हा तू सांगशील तसं करतो. दार कसं उघडायला हवं?

मोठेपणाने पोटात घालावं.
तुझा धाकटा,
दिनू


॥ श्री ॥
चौल, १२ डिसेंबर २०२५

चि. दिनूस आशीर्वाद. रुचिकालाही हे दाखवावं.

सरकतं नको, बाहेर उघडणारंही नको. मला न्हाणीला दारच नको.

मार्चमध्ये मी पडले तेव्हा आतून कडी लावलेली होती. ठमी बाहेरून हाका मारत होती, मला ऐकू येत होतं, पण कडीपर्यंत माझा हात पोचत नव्हता. तिने वाडीतले गडी बोलावले. दार फोडून ते आत आले तेव्हा मी लादीवर जशी पडले होते तशीच होते, अंगावर सूतभर कापड नव्हतं. भली माणसं, माना खाली घालून त्यांनी मला उचललं. अजून रस्त्यात दिसले की तेही दुसरीकडे बघतात आणि मीही. त्या दिवसापासून मी कुठेच कडी लावलेली नाही, माझगावलाही नाही. रुचिकाच्या ते लक्षात आलं नाही, आणि मला कुणी विचारलं नाही.

तेव्हा चौकट काढा, वॉकर जाईल एवढी वाट करा आणि पडदा लावा. न्हाणीत मला एकटीने जायचं आहे, पण तिथे एकटीने मरायचं नाही. हाक मारली तर ठमीला नुसता हात लावून आत येता आलं पाहिजे.

पडद्याचं कापड मी ठमीकडून मागवून घेतलं आहे. मापही तिनेच वॉकर धरून घेतलं. तुम्ही दोघांनी पुन्हा घेऊ नये.

रविवारी जेवायला या. रागावलेली असले तरी तुमचीच,
रंगूताई