सशिणीच्या छातीचे केस

४ मे, सोमवार
कालव्याकडेने चालून आले. घोरपड आजही काँक्रीटवर पसरलेली, पाठ उन्हाला देऊन. रात्रीची गार पडलेली असते, अंग तापल्याशिवाय पाय उचलत नाही. आमचे हे तसेच, चहा पोटात गेल्याशिवाय हलत नाहीत. ऊन चढलं की तीच घोरपड पाण्यात. कोणी शिकवायला लागत नाही तिला.

घरातल्या जनावराला मात्र सगळं आपण करायचं. गौरीची मैत्रीण आईबापाबरोबर ऑस्ट्रेलियाला गेली, जाताना दोन सशिणींमधली एक दुसऱ्या मैत्रिणीकडे, एक आमच्या गळ्यात. नाव काया. म्हटलं, वा, कुणी मराठी माणसाने ठेवलं की काय. तर गौरी म्हणे, "आई, टोस्टवर लावतात तो काया जॅम! रंग बघ ना." ब्रेडच्या जॅमवरून नाव. बरं.

दुपारी हॉलमध्ये लांबलचक आडवी पडली होती. कान लाल, आतल्या शिरा मोजून घ्याव्यात अशा. हात लावला तर कढत. गौरी सांगते, सशाला घाम नाही, जी गरमी टाकायची ती कानातून. मग या सिंगापुरात आणावंच कशाला? इथे मला सकाळी नऊला घाम फुटतो, आणि ती बारा महिने लोकरीचा कोट घालून बसलेली.

६ मे
गौ. कुठूनतरी दोन गुळगुळीत टाइल घेऊन आली. कायाच्या जाळीत टाकल्या. पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून टॉवेलात गुंडाळून शेजारी. वर टेबल फॅन. मी ओल्या फडक्याने कान पुसते, तेवढं आवडतं तिला, डोळे मिटते.

यांना म्हटलं, माहेरी म्हशीला डबकं दाखवलं की काम झालं, हिची बडदास्त बघा. हे म्हणाले, "तुआसला साइटवर आमच्या कामगार पोरांना पण सावली आणि गार पाणी देतात गं, ठरलेल्या वेळी. पण बाटली कुशीत नाही देत."
"मग मागा की."
"तू देशील का कान पुसून?"
पंचावन्नाव्या वर्षी हे असलं सुचतं यांना.

८ मे
काया केस उपटते. छातीचे, पोटाचे, तोंडाने ओढून ओढून. कोपऱ्यात ढीग. उकाड्याने बेजार झालीय बिचारी, कोट उतरवतेय. म्हटलं, आहेस शहाणी.

पण फॅनने ते केस घरभर. भातात एक सापडला. आमच्याकडे म्हणतात, घरात केस लोळले की भांडणं लागतात. दिवा लावायच्या आधी सगळं झाडून, पिशवी बांधून कचऱ्याच्या चूटमध्ये टाकलं. नवव्या मजल्यावरून गेलं खाली.

९ मे
आज पुन्हा ढीग. शिवाय सुकं गवत तोंडात धरून इकडून तिकडे. दोन्ही बाजूंनी मिशा निघाल्यासारखं दिसतं. हसू आलं. ठेवायचं कुठे ते तिला कळेना, मग टाइलीशेजारी कोपऱ्यात कोंबलं, वर केस पसरले.

दिवेलागणीला काढलं सगळं. तर पाय आपटला माझ्यावर! मागचा पाय, धाडकन. मी पण झाडू आपटला. म्हटलं, इथे राहायचं तर स्वच्छ राहायचं.

फॅन एकने वाढवला.

१० मे, रविवार
गौ. ओरडली तशी मी कणकेच्या हाताने धावले.

टाइलीवर चार पिल्लं. गुलाबी, उघडी, बोटाएवढी. अंगावर एक केस नाही, डोळे बंद. दोन टाइलीवरच कडक. बाकीची दोन बाटलीला चिकटलेली, त्यांना वाटलं असेल आई आहे. फॅन त्यांच्यावरच सोडलेला.

काया लांबच्या कोपऱ्यात बसून गवत खात होती.

उचलली दोन्ही. हातावर बर्फ ठेवल्यासारखी. एक अंगठ्याने दाबलं तर तोंड उघडलं, आवाज नाही. दुसरं नुसतं थरथरलं. काही सुचेना, गाऊनच्या आत घातली दोन्ही, छातीशी, वरून पदर नाही तर टॉवेल धरला. गौ. फोनवर. डॉक्टरीण इंग्रजीतून सांगत होती आणि गौ. मला ओरडून मराठीतून. आधी गरम करा. दूध नंतर. गार पिल्लाला दूध पाजायचं नाही, पचत नाही, मरतं. या पिल्लांना स्वतःची ऊब धरता येत नाही, केस येईपर्यंत आईच्या केसांचं घरटं हीच त्यांची गोधडी. आई अंगावर घेऊन बसत नाही. म्हणून आधीच केस उपटून घर करते.

केस.

गौ.ने फोन ठेवला. "तू फेकलेस. रोज."
"फेकले."
"आई, शी वॉज मेकिंग अ नेस्ट!"
"कळलं मला."

माहेरी बारा शेळ्या व्यायल्या माझ्या हातावर. शेळी पाय खरवडायला लागली की रात्री उठून बसायचे मी. आणि हिने दोन दिवस डोळ्यासमोर मांडून दाखवलं, तरी मी झाडू घेऊन उभी. कारण एकच. इथे जे काही होतं ते उकाड्यानेच होतं, असं डोक्यात बसलेलं.

यांनी दोन मेलेली कागदात गुंडाळून नेली. परत आल्यावर म्हणाले, "आमच्याकडे गरमीने माणसं आडवी होतात, तुझ्याकडे गारठ्याने. तेही सिंगापुरात." मग माझं तोंड बघून हात धुवायला गेले.

११ मे
रात्रभर बसल्याबसल्या झोपले, दोन्ही छातीशी. सकाळी गुलाबी झाली. एक वळवळतं चांगलं. दुसरं मंद.

दुसऱ्या मैत्रिणीकडे गेलेली ती "बहीण" निघाली नर. गौ.ने फोटो मागवून खात्री केली. दोन सशिणी म्हणे. शेपूट उचलून बघायचे कष्ट कुणी घ्यायचे? मी पण घेतले नाहीत म्हणा.

गौ. पॉलिटेक्निकला गेली. जाताना "बाय" नाही. चपलांचा आवाज मोठा.

केस लोळले की भांडण लागतं म्हणे. इथे झाडले म्हणून लागलं.

दुपारी बुटाच्या खोक्यात घरटं करायला घेतलं. कापूस काढला तर गौ.चा मेसेज, कापूस नको, धागा पायाला गुंडाळतो, डॉक्टर म्हणते. मी विचारलं नव्हतं, तरी पाठवला. बोलत नाही पण लक्ष आहे. मग कायाला मांडीवर घेतलं. छातीचे केस सैलच झालेले, चिमटीत धरले की येतात, तिला दुखत नाही. बसून बसून मूठभर काढले. ती हलली नाही. परवा पाय आपटणारी ही.

खोक्यात गवत, वर ते केस. जुन्या मोज्यात तांदूळ भरून तव्यावर कोमट केले, गाठ मारून खाली ठेवला. खोकं आमच्या झोपायच्या खोलीत, तिथे पंखा बंद. काया हॉलमध्ये टाइलीवर, पंखा चालू. एकाच घरात एकीला गार पाहिजे, दुसऱ्याला गरम. दोन्ही बरोबर.

हे घामाने निथळत तिथेच झोपले. हे यांचं चांगलं आहे, कधीकधी.

१२ मे
मंद होतं ते गेलं. पहाटे हात घातला तर गार. दुसरं त्याला चिकटून होतं, लगेच काढलं, नाहीतर हे पण थंड पडायचं. ऊब एकमेकांच्या अंगाची घेतात ही. आता एकटं आहे, घ्यायची कुणाची?

गौ.ला सांगितलं. रडली नाही. म्हणाली, "मोजा गरम केला होतास का?"
"दर थोड्या वेळाने."
"ओके." आणि खोलीत गेली.

१४ मे
काया रोज सकाळी मी खोक्यात ठेवते तेवढंच पाजते, म्हणून शिव्या घातल्या. दिवसभर ढुंकून बघत नाही, कसली आई. गौ. म्हणे, डॉक्टरच्या मते तशीच असते ती, दिवसातून एकदोनदा येते, चार मिनिटं, की गेली. सारखी बसली तर वासाने शिकारी घरटं शोधतात. म्हणून लांब राहते.

म्हटलं, चोआ चू कांगला आपल्या नवव्या मजल्यावर कोण शिकारी?
"तिला काय माहिती, आई? तू पण इथे वीस वर्षं राहून बाहेर जाताना सगळी कुलपं तीनदा ओढतेस."
उलटं बोलली. पण बोलली.

आजही सकाळी खोकं हॉलमध्ये नेऊन कायाला आत ठेवलं. बसली. पिल्लू खालून चुरूचुरू. पोट फुगलं, आतलं पांढरं दिसत होतं कातडीतून. बास.

१५ मे
पोट भरलेलं. अंगावर लव आली, पीच फळावर असते तशी. बोट फिरवलं तर मऊ. यांनी पण बोट फिरवलं. "आता पंखा लावायचा का?" म्हटलं, नाही. टॉवेल घेऊन हॉलमध्ये झोपायला गेले, कायाच्या फॅनखाली. दोघं एका टाइलीवर मावले नाहीत एवढंच.

१६ मे
काया खोक्यात जात नाही. ठेवलं की उडी मारून बाहेर. कान कढत. आज बाहेर ढग भरून आलेले, वारा नाही, जीव नकोसा. खोक्याची ऊब तिला सोसत नाही, आणि हॉलची गार हवा पिल्लाला. संध्याकाळी पोट अर्धंच.

डॉक्टरीण म्हणते, उद्या चपटं दिसलं तर शेळीचं दूध ड्रॉपरने, पण नाकात गेलं तर संपलं. आईचं ते आईचं.

गौ. म्हणाली, "मी पाजेन." मी म्हटलं, तू कधी पाजलंयस? "तू पाजलंयस?"
शेळीची करडं पाजलीत, बोटाएवढं काही नाही.

१७ मे, रविवार
सकाळी पोट चपटं. कातडी सुरकुतलेली. तरी हातात घेतलं की डोकं वर करून शोधतं.

शेळीचं दूध कोमट करून वाटीत काढलं. ड्रॉपर उकळला. मग मनात आलं, एकदा अजून बघू. कायाला आधी फरशीवर गार होऊ दिलं, कान ओल्या फडक्याने पुसले, हात लावून बघितले, निवले. मग खोकं तिच्यापुढे ठेवलं. उचलून आत घातलं नाही यावेळी. घालणारे आपण कोण. फॅन दुसरीकडे वळवला.

बसून राहिली. नाक हलवत. गौ. श्वास रोखून. हे पेपर धरून, पान उलटत नव्हते.

मग पुढचे दोन पाय खोक्याच्या काठावर ठेवले तिने. वास घेतला. माझ्याकडे बघितलं.

मी दोघांना ओढत स्वयंपाकघरात आणलं आणि दार लोटून घेतलं. हॉलमधून काही आवाज नाही. गौ. म्हणते, "बघू का?" म्हटलं, गप बस, आपण बघितलं की ती उठते.

वाटीतलं दूध अजून कोमट आहे. झाकून ठेवलंय.