लाकडाला कुंकू, लोखंडाला तेल

आबा, मी पिस्तूल घेतलंय. दचकू नका. तुम्ही दचकालच म्हणा. दचकणं आणि मान खाली घालणं या दोन कामांत तुमचं आयुष्य गेलं. हे हवेचं पिस्तूल आहे. त्याला लायसन लागत नाही, आवाज टाळी वाजवल्याएवढा होतो आणि त्यातून सुटलेला छर्रा दहा मीटरवरच्या पुठ्ठ्याला भोक पाडतो, बस. मालकाची दुनळी बंदूक खांद्याला अडकवून तुम्ही बावीस वर्षं त्याच्या चार पावलं मागं चाललात. लायसनवर नाव त्याचं, खाली रखवालदार म्हणून तुमचं. तेव्हा बंदुकीतलं मी तुम्हाला काही शिकवावं असं नाही. पण एक सांगायचं आहे, आणि ते तुम्ही जाऊन सव्वीस वर्षं झाल्यावर सुचतंय, यावरून मी कुणाची लेक आहे ते कळतंच. दसऱ्याला मालकानं तुम्हाला चारचौघांत थोबाडीत मारली होती. ती थोबाडीत मी गेली तीस वर्षं गावोगावच्या मंचावर सांगते. लोक तिच्यासाठी मला बोलावतात. त्यातली एक गोष्ट मात्र मी कधीच सांगत नाही. परवा वडवणीच्या सभेत ती सांगायची असं ठरवून मी निघाले होते.

आधी पिस्तुलाचं सांगते. आपल्या जिल्ह्यात आता पोरं कमरेला पिस्तूल लावून लग्नाला जातात, वरातीत हवेत बार काढतात आणि त्याची फिल्म करून सगळ्यांना पाठवतात. मी त्यावर बोलले. खूप बोलले. फोन आले, "बाई, तोंड आवरा." मग आमचेच कार्यकर्ते म्हणाले, "ताई, तुमीबी लायसनची फाईल टाका. भाषण करताना कमरेला दिसलं पाहिजे, लई फरक पडतो." मी म्हणाले, माझ्या कमरेला पदर खोचलेला असतो, ज्याला भ्यायचं तो तेवढ्यावर भितो. हा विषय तिथंच संपला असता. पण मांजरसुंब्याच्या रस्त्याला एका सुभेदारांनी, म्हणजे फौजेतून परत आलेल्या एका गृहस्थांनी, जुन्या पत्र्याच्या गोदामात नेमबाजीची जागा सुरू केली आणि उद्घाटनाला मला नेलं. मी नेहमीप्रमाणे बोलले. बोलून झाल्यावर त्यांनी माझ्या हातात हवेचं पिस्तूल दिलं आणि म्हणाले, "बाई, आता बोलू नका. श्वास अर्धा सोडा आन् थांबा." मी थांबले. चाप ओढला. पुठ्ठ्याच्या काळ्या गोलाच्या कडेला एक भोक पडलं. आबा, आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी नेमकं केलं होतं आणि त्याला माझ्या आवाजाची गरज पडली नव्हती. दुसऱ्या आठवड्यात मी परत गेले. चौपन्नाव्या वर्षी.

स्वतःचं घ्यायचं ठरलं तेव्हा सुभेदारांनी अक्कल शिकवली. कमानीचं, म्हणजे स्प्रिंगचं, घेऊ नका, म्हणाले, स्वस्त असतं पण सुटताना उसळी मारतं, नवख्याला आपली चूक कोणती आणि कमानीची कोणती ते कळत नाही. गॅसच्या कुप्यांचं घेऊ नका, कुपी संपत आली की जोर उतरतो आणि नवी कुपी आपल्याकडं वेळेवर मिळत नाही. भरलेल्या हवेच्या टाकीचं पिस्तूल लई झाक, पण ते तुमच्या-माझ्या खिशाचं नाही. तुम्ही एका दमाचं घ्या. तरफ एकदा ओढायची, हवा भरायची, एक छर्रा सोडायचा. दर वेळी हवा तेवढीच, मग चुकलं तर तुम्हीच चुकलात. "आन् बघताना त्याचं नळकांडं बघत बसू नका. मूठ हाताला बसती का बघा, चाप हलका-जड करायचे स्क्रू हायत का बघा, वॉशर मिळतात का विचारा. बाकी रंग कोणताबी घ्या." मी हे सगळं पाठ करून संभाजीनगरला दुकानात गेले. दुकानदारानं मला पाहिलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "मॅडम, साहेबांसाठी का?" मी म्हणाले, "साहेब कधीच गेले. मला घ्यायचंय." मग तो एकदम आदबीनं काळीकुळकुळीत, सिनेमातल्यासारखी पिस्तुलं काढायला लागला. मी म्हणाले, "दादा, मला कुणाला घाबरवायचं नाही, कागदाला भोक पाडायचंय." तो हसला. "मग तुमाला पसंत पडंल असं एकच हाय, पण जुनं हाय. कुणीतरी परत आणून टाकलंय. चाप जड झालाय, मधेच अडकतो. कावून अडकतो ते त्यालाबी कळंना आन् मलाबी. न्यायचं तर स्वस्तात न्या, पुन्हा माझ्याकडं आणू नका." मूठ अक्रोडाच्या लाकडाची होती. हातात धरली तर अंगठ्याशी जरा बोचत होती, तेवढी कानशीनं घासता आली असती. मी नव्या चार पिस्तुलांकडं पाठ फिरवली आणि अडकणारं जुनं घेतलं. खिसा हे कारण होतंच. पण अडकलेलं यंत्र पाहिलं की ते उघडावंसं वाटतं, हा रोग मला तुमच्याकडून आला. तुमच्याकडून मिळालेलं मी एवढंच मान्य करते.

घरी ओट्यावर पेपर अंथरला, स्क्रू काढले त्या क्रमानं वाटीत ठेवले, आणि तुम्ही समोर येऊन बसलात. नवमीच्या आदल्या दिवशी मालकाची बंदूक सफाईला आपल्या घरी येई तेव्हा असेच बसायचा, पोत्यावर, मांडी घालून, ताडताड बोलणारी आई आत, आणि तुम्ही गजाला चिंधी गुंडाळून नळीत घालताय, काढताय, पुन्हा घालताय. घरात तुम्ही एरवी कुणाशी दोन वाक्यं बोलत नव्हता, पण बंदुकीशी मात्र पुटपुटायचा. खंडेनवमीला घरातल्या कोयत्या-विळ्यांची पूजा व्हायची आणि पाटावर मधोमध मालकाची बंदूक. पूजेचं ताट माझ्या हातात द्यायचा आणि दर वर्षी एकच वाक्य म्हणायचा, "लाकडाला कुंकू, लोखंडाला तेल. उलटं करायचं न्हाई." मी नऊ वर्षांची होते. त्या वर्षी मला वाटलं, दस्त्याच्या लाकडाला कसला मान, लढतं ते लोखंड. तुम्ही बैलांना पाणी दाखवायला गेलात आणि मी हळदकुंकू नारळाच्या पाण्यात कालवून बंदुकीच्या दोन्ही घोड्यांना, चापाला, सगळ्या फटींना लावलं. वर अक्षता टाकल्या. मला ती बंदूक फार सुंदर दिसली. तुम्ही परत आलात तेव्हा मी फूल ठेवून लोखंड झाकलं होतं.

त्या दिवशी ओट्यावर मी चापाचा आतला भाग उघडला, कापूस तेलात बुडवून फिरवला आणि कापूस लाल निघाला. गंजाचा विटकरी नव्हे, लाल. आणि चापाच्या मागं, जिथं तो सरकायला हवा तिथं, अर्धा तांदळाचा दाणा. कुणीतरी, माझ्यासारखंच कुणीतरी, दसऱ्याला त्या पिस्तुलाची मनोभावे पूजा केली होती. मी दाणा पिनेनं काढून तळहातावर घेतला. मला पंचेचाळीस वर्षं मागं जायला काही कष्ट पडले नाहीत.

शिलंगणाला गावाबाहेर सगळे जमलेत. मालक पांढऱ्या कपड्यांत. आपट्याची पानं वाटण्याआधी हवेत एक बार काढायची त्याची चाल. तुम्ही बंदूक भरून दोन्ही हातांनी देता. तो वर धरतो, चाप ओढतो. काही नाही. पुन्हा ओढतो. गर्दीतून कुणीतरी बोलतं, "मालक, बंदुकीचा नवरात्राचा उपास सुटला न्हाई वाटतं!" आणि अख्खा माळ हसतो. मालक वळतो. "काय बे, बंदुकीचं तेल तूच पितो का?" आणि थोबाडीत. तुमच्या डोक्याचा रुमाल पडतो. तुम्ही वाकून तो उचलता, झटकता आणि म्हणता, "चुकलं मालक." मी आईच्या लुगड्याआड उभी आहे. घरी आल्यावर तुम्ही घोड्याची पट्टी खोललीत, चिंधीनं पुसलीत, चिंधी लाल झाली. आई आतून यायच्या आत ती चुलीत टाकलीत आणि माझ्याकडं न बघता म्हणालात, "जा, हात धुऊन ये." एवढंच. मला मारलं असतंत तर बरं झालं असतं. मारणारा माणूस मला समजला असता.

पुढं मी दहावीत असताना तालुक्याला वक्तृत्व स्पर्धा झाली. विषय होता 'माझे वडील'. तुम्ही धुतलेलं धोतर नेसून आलात, तिसऱ्या ओळीत बसलात. मी ती थोबाडीत सांगितली. बंदूक का अडकली ते सांगितलं नाही. हात जोडून "चुकलं मालक" म्हणणारा माणूस मी आवाज बदलून करून दाखवला. आणि म्हणाले, "इतरांच्या बापाच्या पाठीला कणा असतो. माझ्या बापाच्या पाठीला बंदुकीचा पट्टा होता." आबा, टाळ्या काय पडल्या! पहिला नंबर आला. त्या एका वाक्यावर मी कॉलेजात गेले, संघटनेत गेले, मंचावर गेले. तुम्हीही टाळी वाजवलीत. घरी येताना वाटेत मी मैत्रिणींना म्हणाले, आमच्या आबांना भाषण कळलंच नाही, सगळ्यांनी वाजवली म्हणून त्यांनी वाजवली. त्या हसल्या. तुम्ही दहा पावलं पुढं चालला होतात, बक्षिसाचा कप तुमच्या काखेत होता.

पिस्तूल साफ करून मी मूठ घासली, पॉलिश पेपर मारला, चापाचा स्क्रू अर्धा आटा सैल केला आणि गोदामात गेले. पाच छर्रे, पाचही काळ्यात. सुभेदार खूश. "बाई, चाप लोण्यासारखा झाला की! काय अडकलं व्हतं आत?" मी म्हणाले, "गंज." तोंडातून पटकन गेलं. एवढीशी गोष्ट. हवेचं पिस्तूल, ओळखीचा माणूस, कुणाची इज्जत जात नव्हती. तरी मी खरं बोलले नाही. म्हणून वडवणीला तरी सांगायचंच असं मी ठरवलं. मी मंचावर चढतानाच आयोजक म्हणाले, "ताई, बाकी कायबी बोला, पण थोबाडीत पाहिजे."

मी बोलत बोलत शिलंगणाच्या माळापर्यंत आले. मालक चाप ओढतो. आता म्हणायचं होतं, कुंकू मी लावलं होतं. एक श्वास घेतला, अर्धा सोडला, थांबले. लोकांना वाटलं, ताई नेहमीच्या वाक्यापाशी आल्या. समोरच्या पोरांनी मी बोलायच्या आत ते वाक्य ओरडून पुरं केलं, "बंदुकीचा पट्टा होता!" आणि सगळं मैदान हसलं, टाळ्या, शिट्ट्या. त्या पोरांपैकी दोघांच्या कमरेला सदरा फुगला होता, पिस्तुलामुळं. ज्यांच्याविरुद्ध मी बोलायला गेले होते ते तुम्हाला हसत होते, आणि हसायचं मीच त्यांना शिकवलं होतं. मी हात वर करून टाळ्या घेतल्या आणि खाली बसले.

हे पत्र मी कुठं पाठवणार! पिस्तुलाच्या पेटीत मुठीखाली घडी घालून ठेवीन, दर नवमीला लाकडाला कुंकू लावताना हाताला लागेल. तुम्हाला भाषण कळलं नव्हतं, असं मी आयुष्यभर सांगत आले. ते खोटं आहे. पट्ट्याचं वाक्य म्हणायच्या आधी मी तिसऱ्या ओळीकडं पाहिलं होतं. तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत नव्हता, माझ्या बोटांकडं बघत होता, कुंकू लावलेल्या त्याच बोटांकडं. तुम्हाला सगळं ठाऊक आहे हे मला तिथंच, माईकसमोर कळलं होतं. तरी मी ते वाक्य म्हणाले.