परीक्षा होईपर्यंत

२४ नोव्हेंबर, रविवार

पंच्याहत्तर टक्के हजेरी. काठावर! आता एकही दिवस बुडवायचा नाही. जूनमध्ये बाबांना हृदयविकाराचा पहिला झटका आला तेव्हा मी मॉरिशसला पळाले होते, सगळी सूट तेव्हाच संपली. सतीशकुमार सरांनी काल लॅबमध्ये सगळ्यांदेखत बजावलं — ताप आला तरी इथे येऊन झोप, पण ये. परदेशी विद्यार्थ्याच्या मानेवर दुहेरी जू असतं. हजेरी गेली की परीक्षा गेली, परीक्षा गेली की शिष्यवृत्ती आणि व्हिसा दोन्ही गेली. वर्षभराचा आयटी डिप्लोमा आणि शेवटचे तीन आठवडे असे जीव मुठीत धरून काढायचे.

रविवार म्हणून बाबांचा फोन. आधी माझ्याशी, मग बाळकृष्णरावांशी. या दोघांची ओळख तंजावूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झाली आणि त्या ओळखीवर मी इथे तंजावूरला रावांच्या घरी राहायला आले. बाबा मॉरिशसमध्ये कास्कावेलच्या शाळेत मराठी शिकवायचे, राव वीज मंडळात होते. एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, पण तासभर बोलतात. रावांची मराठी तीनशे वर्षांपूर्वीची, बाबांची पुस्तकातली, आणि दोघेही समोरच्याच्या मराठीला हसणार!

आज बाबा मला विचारत होते, "पिंग म्हणजे काय गं?" म्हटलं, दुसऱ्या मशीनला हाक मारून बघायची, पलीकडून ओ येते का. "मग ते मी रोजच करतो की," म्हणाले. आवाज दमलेला वाटला.

२५ नोव्हेंबर

ही वही बाबांच्याच हट्टापायी. "रोज एक पान मराठीत लिही, नाहीतर क्रेओल बोलीत विरघळशील." इथे एक सोय आहे. मराठी घरात राहूनही वही उघडी टाकली तरी चालते! राव आणि त्यांच्या पत्नी गंगाबाई घरात मराठीच बोलतात, पण शाळा तमिळमध्ये झाली, देवनागरी दोघांनाही वाचता येत नाही. राव अक्षर बघून मान डोलावतात आणि चष्मा पुसून परत ठेवतात.

२८ नोव्हेंबर

सकाळी बसची घाई, तरी गंगाबाई माळ घेऊन फाटकापर्यंत धावत आल्याच. "मोकळ्या केसांनी पोरी जातात की? थांब." अबोली आणि मोगरा. माळून झाल्यावर दोन पावलं मागे सरून बघतात, मगच सोडतात. देवापुढचा संध्याकाळचा दिवाही केव्हापासून माझ्याकडेच आहे. त्यांना मूलबाळ नाही. वर्गातल्या पोरी विचारतात, पाटी का तुझी? म्हणजे आजी. मी हो म्हणते. कोण समजावत बसणार?

लॅबमध्ये केबलची टोकं बसवून बोटं सोलली. आठपैकी एक तार उलटी गेली आणि अर्धा तास सगळा वर्ग माझ्या नावाने खडे फोडत होता.

३ डिसेंबर

बाबांना हॉस्पिटलात ठेवलंय. दादाचा फोन आला तेव्हा मी बसमध्ये होते. छातीत पाणी झालंय म्हणाला. मी तशीच उतरून संस्थेत परत गेले, सरांसमोर उभी राहिले. सरांनी हजेरीपट उघडून माझं नाव शोधलं. मग म्हणाले, "जा म्हणेन मी. पण गेलीस तर या वर्षी परीक्षेला बसता येणार नाही. पुढच्या वर्षीचं मी काही बोलू शकत नाही."

संध्याकाळी बाबांशी बोलले. मी म्हटलं, तिकीट काढते. तर ओरडले! त्या नळ्या लावलेल्या माणसात एवढा आवाज कुठून आला? "अठराला प्रॅक्टिकल आहे ना? ते देऊन ये. मी कुठे पळून चाललोय?" मी रडले. मग बाबांनी रावांना फोन द्यायला सांगितला. राव फोन घेऊन परसात गेले. परत आले ते नुसतं "सेरी, सेरी" म्हणत, म्हणजे बरं, बरं.

जायला हवं होतं का? राहिले आहे खरी. जीव थाऱ्यावर नाही.

५ डिसेंबर

बाबा बरे आहेत. आज फोनवर पेज प्यायल्याचं कौतुक सांगत होते. मला म्हणाले, तू सर्व्हर उभा कर, मी उठून उभा राहतो. चला!

७ डिसेंबर, शनिवार

गंगाबाईंची थोरली बहीण आली आहे पापनाशमहून — वेंकूबाई. हातात नऊवारीचा ओचा, बोलण्यात धार. मी कॉफी द्यायला गेले तर मला आपादमस्तक न्याहाळून, "तुम्ही कोण? देशस्थ की?"

मी सांगितलं. माझे पणजोबा रत्नागिरीकडचे, उसाच्या मळ्यात मजूर म्हणून बोटीने गेले, तिथेच राहिले. आम्हाला त्याची लाज नाही. बाबा दर वर्षी पहिल्या दिवशी वर्गात हेच सांगायचे. वेंकूबाईंनी "असं की" म्हटलं आणि कॉफी खाली ठेवली. प्यायल्या की नाही ते पाहायला मी थांबले नाही.

८ डिसेंबर, रविवार

बाबांचा फोन नाही. मीच केला, दादाने उचलला. बाबा झोपलेत, डॉक्टरांनी बोलायचं नाही सांगितलंय, दहा-बारा दिवस तरी. घसा बसला होता दादाचा. जागरणं होत असणार.

वेंकूबाई पहाटेच गेल्या. राव दिवसभर झोपाळ्यावर बसून, पेपर उलटा धरला तरी कळेना त्यांना. आज माळ नाही. सुट्टी म्हणून असेल.

१० डिसेंबर

सुट्टी म्हणून नव्हतं. कालही माळ नाही, आजही नाही. बादलीत अबोली तशीच. मी मुद्दाम फाटकाशी थांबले, केसांवरून हात फिरवला. गंगाबाई दारात उभ्या होत्या, आत वळल्या.

संध्याकाळी हातपाय धुऊन दिव्याकडे गेले तर आडव्या आल्या. "नको. आज मी लावतें." का विचारलं तर, "तू अभ्यास कर." देवघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊलही टाकू दिलं नाही.

मला कळत नाही असं वाटतं का यांना?

११ डिसेंबर

उंबऱ्यापुढची रांगोळीही आता मी काढायची नाही. पीठ मागितलं तर डबा फळीवर ठेवला. वेंकूबाई येऊन जाईपर्यंत मी या घरची लेक होते, आणि त्या गेल्या आणि मी मजुराची पणती झाले. इतकं सोपं असतं हे! बाबांना सांगावंसं वाटतं, पण ते झोपलेले.

१३ डिसेंबर, शुक्रवार

कार्तिगै. आज इथे घरोघर दारात, ओट्यावर, तुळशीपाशी पणत्या. गल्लीतल्या पोरी परकर सावरत दिवे लावत होत्या. मला महिन्यापासून सांगून ठेवलं होतं गंगाबाईंनी, या वर्षी सगळे दिवे तू लावायचेस.

देवापुढे एकच दिवा लावला, त्यांनीच. मी खोलीच्या दारातून बघत होते. शेजारच्या गायत्रीमामी कुरमुऱ्यांचे गुळाचे लाडू घेऊन आल्या, मला हाक मारली. गंगाबाईंनी दारातच ताट घेतलं आणि हळू आवाजात त्यांना काही सांगितलं. गायत्रीमामींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. काय ते पाहणं! पदराने डोळे पुसत गेल्या. म्हणजे गल्लीभर झालं.

लाडू ओट्यावरच राहिले. मला कोणी दिला नाही, मी मागितलाही नाही.

१४ डिसेंबर

दादाला म्हटलं, एक मिनिट फोन बाबांच्या कानाशी धर. मी नुसतं "बाबा" म्हणेन. तर म्हणाला आयसीयूत फोन चालत नाही. परीक्षेवर लक्ष दे म्हणाला. सगळ्यांना माझ्या परीक्षेचीच काळजी!

१५ डिसेंबर, रविवार

आज फुटले. जेवायला बसले. पुन्हा फोडणी नसलेलं वरण आणि भात, आठवडाभर हेच. मी पान बाजूला सारलं. म्हटलं, "मी कोण ते वेंकूबाईंनी विचारल्यावर कळलं का तुम्हाला? माझ्या हाताने दिवा विटाळतो का? तोंडावर सांगा ना. बाबा तुम्हाला भाऊ मानतात, त्यांनाही सांगते मी, त्यांच्या भावाच्या घरी त्यांच्या लेकीला कसं वागवतात ते!"

गंगाबाईंच्या हातातला डाव खाली पडला. पदर तोंडात कोंबून परसात गेल्या. राव हात वाळेपर्यंत पानावर बसून राहिले. मग एवढंच म्हणाले, "परीक्षा होऊं दे, कन्ना. मग तुला काय म्हणायचं तें म्हण. आम्ही ऐकून घेतों."

एक शब्द नाकारला नाही. एक! नाकारला असता तर मी विश्वास ठेवला असता. देवाशपथ ठेवला असता.

वसतिगृहात खोली बघितली आहे. वीसला सामान हलवते.

१६ डिसेंबर

लेखी पेपर बरा गेला. घरात कोणाशी बोलले नाही. गंगाबाईंनी विचारलंही नाही, नुसती कॉफी ठेवून गेल्या.

१७ डिसेंबर

राव अंधारातच तिरुवैयारूला गेले, कावेरीवर. अंगात कापरं आणि तरी हट्टाने गेले म्हणे. परत आले ते ओल्या वेष्टीने, जेवलेही नाहीत.

गंगाबाईंनी माझं दार वाजवलं. "आज डोक्यावरून नहा." मी म्हटलं, उद्या प्रॅक्टिकल आहे, सर्दी होईल. "नाही म्हणूं नकोस. आजच्या दिवस." कढत पाण्याचा हंडा स्वतः उचलून आणला. त्यांची ती कंबर! भांडायला वेळ नव्हता म्हणून नहाले. बाहेर आले तर न्हाणीच्या दारात उभ्या. टॉवेल देऊन झटकन वळल्या.

आता आंघोळ घालून शुद्ध करून घेतायत का मला?

१८ डिसेंबर

झालं! झालं! झालं!

तीन तासांत तीन नेटवर्क, एक राऊटर, एक सर्व्हर. पहिला तास नुसता वाया गेला, काही केल्या तिसऱ्या नेटवर्कमधून उत्तर येईना.  मग एकेक पत्ता बोट ठेवून वाचला. गेटवेच्या आकड्यात माझीच चूक! दुरुस्त केला, पिंग केलं, आणि उत्तर आलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी "व्हेरी गुड" म्हटलं आणि सतीशकुमार सर त्यांच्यामागे उभं राहून हसले. वर्षात पहिल्यांदा!

बसस्टॉपवरूनच दादाला फोन लावला. म्हटलं, बाबांना उठव, काहीही कर, पण सांग सर्व्हर चालला. आणि सांग, मी शनिवारी येतेय. दादा "सांगतो" म्हणाला. मग काही ऐकूच येईना. गाड्यांचा गोंगाट होता.

सकाळी निघताना गंगाबाईंनी हातावर दही घातलं होतं. मी खाल्लं, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही. आता जरा वाईट वाटतंय. जाताना नीट बोलून जाईन. झालं गेलं.

१९ डिसेंबर

बाबा सात तारखेच्या रात्रीच गेले. दादाने आज सांगितलं. बाबांनीच सगळ्यांकडून शब्द घेतला होता, परीक्षा होईपर्यंत तिला कळवायचं नाही. या घरी मात्र दादाने त्याच पहाटे फोन केला होता.

गंगाबाई माझ्याजवळ भुईवर बसल्या होत्या. मी त्यांना विचारलं, मी तुम्हाला इतकं बोलले, तेव्हाही का नाही सांगितलंत?

"तुला ठाऊक नव्हतं की," त्या म्हणाल्या. "म्हणून तुझं सुतक आम्ही धरलं."