चार अणूंवर थांबणार नाही

प्रिय बाबा,

आज तुमचं वर्षश्राद्ध. थोड्या वेळात कावळ्यासाठी गच्चीवर पान ठेवायचंय, आणि काकांनी सकाळपासून माझ्यामागे नोकरीचा एकच लकडा लावलाय. म्हणून तुमच्याशीच बोलते.

दहाव्याला केळव्याच्या किनाऱ्यावर पिंडाला कावळा शिवेना, आठवतं? तुम्हाला कसं आठवणार म्हणा! काका म्हणाले, "सांग त्याला, बोयसरच्या कंपनीत लागते म्हणून. दादाची तीच इच्छा हाय." मी तोंड उघडलं नाही. शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला, आणि माकुणसार गावभर बोभाटा झाला की पोरीने बापाला अडकवून ठेवला.

तुम्हाला खरंच तेच हवं होतं का हो?

माझं काम तुम्ही कधी नीट ऐकून घेतलं नाहीत. आता ऐका. प्रयोगशाळेत मी लेझरच्या प्रकाशात अणू रांगेने धरून ठेवते. ते एकमेकांशी असे बांधले जातात की एकेकट्याला विचारावं तर उत्तर कधी हो, कधी नाही. सगळ्या रांगेचं मिळून मात्र अगदी पक्कं. हे बंधन किती, ते मोजायचं. त्यासाठी हुबेहूब दुसरी रांग तयार करून दोन्ही ताडून बघायच्या. अणू वाढले की काम कैक पटींनी अवघड होतं. सर म्हणतात, चारांवर थांब, प्रबंध लिही, मोकळी हो. मला दहांचं मोजायचंय!

आपलं घर तरी वेगळं काय होतं? ओटीवर सगळे जमले की माझ्या संशोधनाला उत्तर ठाम: "नाय." आणि तुम्ही पानवेलींना पाणी सोडताना एकटे सापडलात तेव्हा? मी विचारलं, सोडू का हे सगळं? तुम्ही पाटाचं पाणी पुढच्या वाफ्यात वळवलंत आणि म्हणालात, "काय सांगू, बाय? माजं मलाच कलत नाय."

तेव्हा मला रागच आला होता. एवढा बाप माणूस, आणि त्याला स्वतःचं मत नाही! आज तेच वाक्य घट्ट धरून बसलेय. जे तुम्हालाच कळलं नव्हतं, ते काकांना कुठून कळलं?

काका हाका मारतायत. पानाजवळ उभी राहून मी मोठ्याने सांगणार आहे: बोयसरला जाणार नाही, दहा अणू मोजणार. मग कावळा येवो न येवो. आणि आकडा हाती आला की आधी पानमळ्यात येऊन तुम्हाला सांगेन, तुम्ही एकटे असाल तिथे.

तुमच्याच घरातली, तुमचीच,
मनीषा