धाकटीला पाठवलेली तीन पुस्तकं

धाकटे,

महिना झाला पार्सल पाठवून, आणि तुझी पोच म्हणून एक ओळ नाही! पोस्टानं खाल्लं, की रागानं तू उघडलंच नाहीस?

मी इथं बाइंडिंगच्या कारखान्यात सोळा-सोळा पानांचे गठ्ठे शिवते. शिवता शिवता जेवढं दिसेल तेवढं वाचते. तिन्ही पुस्तकं नुकतीच निघालीत. कादंबरी तुला. त्यातली सुईण अख्ख्या गावाशी भांडते. शेवट मला विचारू नकोस, माझ्या टेबलावर मधलीच पानं येतात. अध्यात्माचं आईला वाचून दाखव. त्यातला बुवा उपदेश कमी करतो, स्वतःच्या चुका जास्त सांगतो. हत्तीचं पुस्तक तुझ्या लेकीला. ते मी पूर्ण वाचलंय, कारण ते आहेच मुळी सोळा पानांचं.

तू वाचनालयातून आणलेलं पुस्तक मी चुलीत घातलं होतं. "वाचून काय दिवे लावणार आहेस?" असंही वर म्हणाले. वाचनालयानं तुझं नाव काढून टाकलं आणि त्यानंतर तू पुस्तक हातात धरलं नाहीस. मला तेव्हा ते नुसते कागद वाटले गं. आता एकेक पान शिवताना जीव तुटतो. चुकलं माझं. तोंडानं हे कधी जमलं नसतं.

आईचे गुडघे कसे आहेत? माझं बरं चाललंय, बोटं तेवढी सुजतात.

एखादं तरी पुस्तक उघडलंस का, ते येत्या पंधरा तारखेच्या आत कळव. राग असेल तर शिव्या लिही, पण लिही.

लाडकी नसले तरी सख्खी,
ताई