पासवर्डच्या अलीकडे

प्रिय गंधाताई,

लिहायला बसतो आणि उठून टपरीवर जातो, असं कधीपासून चाललंय. तू नंबर बदललास, पत्ता जयामावशीकडून घेतला. तो तिच्याकडून पुन्हा घ्यावा लागणार; चिठ्ठी कुठे ठेवली देव जाणे.

भटकून भटकून मी मुलुंडला परत आलोय. गोकर्णला एक कुत्रा आठवडाभर माझ्याबरोबर चालत होता, त्याचं नंतर सांगतो. घरात बाबा आणि मी. ते बोलत नाहीत, मी बडबडत सुटतो, तरी घर रिकामंच वाटतं.

तर तुझा तो कॉम्प्युटर. देवेशने जोडून दिलेला. डबा जोडायला आला आणि पोरगी घेऊन गेला, असं बिल्डिंगमध्ये अजून म्हणतात. मला पिक्चर बघायचा होता, तुझा पासवर्ड कोणाला माहीत! हम्पीत एका पोराने विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सची सीडी दिली होती. सीडीवरूनच चालते, आतल्या कशाला हात लागत नाही म्हणाला. चाललीही झकास. पण हार्ड डिस्क दिसेना, म्हणून मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये शिरून हे बदल, ते बदल केलं. दिसली. तुझे फोल्डर जागेवर आहेत, घाबरू नकोस. पण सीडी काढली आणि वाट लागली. विंडोज येता येता निळी स्क्रीन चमकते आणि पुन्हा पहिल्यापासून. सुरू होताना सीडीऐवजी आधी हार्ड डिस्क बघ, असं लावलं, केबली काढून घातल्या, फुंकरसुद्धा मारली. नेमकं काय बदललं होतं तेच आठवत नाही गं.

वाटलं, जाऊ दे, वापरतंय कोण? संध्याकाळी बाबा देवापाशी दिवा लावून आले, चहा घेऊन तुझ्या खुर्चीत बसले, बटण दाबलं. निळं आलं, गेलं. पुन्हा आलं, गेलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, मेल्या, चेडू खंय गेला? पोरगी कुठे गेली, हे मला विचारतात!

ताई, ते रोज तेवढंच बघायचे. पासवर्ड मागणारा तो पडदा, तुझं नाव आणि तुझा कॉलेजातला फोटो. पुढे कधी गेलेच नाहीत. चहा संपला की बंद. घरात तुझं नाव काढायचं नाही, असं ठरवणारे हेच!

आता चहा स्वयंपाकघरात उभ्यानेच पितात. म्हणून लिहितोय. देवेशला विचार, काय परत फिरवायचं. बाबांनी त्याला दारातून हाकललं होतं, मी त्याच्या दुकानात कुठल्या तोंडाने येऊ? बाबा आज दुपारीच इस्त्रीचा शर्ट घालून, न सांगता कुठेतरी गेलेत.

थांब, बेल वाजली.

ताई, दारात देवेश! मागे बाबा, घामाघूम, आणि त्याची हत्यारांची बॅग बाबांच्या खांद्यावर. मला म्हणाले, बघतंस काय, भावोजींक पाणी दी.

पत्र पोस्टात टाकत नाही. भावोजींच्याच हाती देतो.

तुझाच,
प्रांजल